समुद्राचं छोटं जलरंगचित्र जागेवर बसून झटपट काढायचं तर सुरुवात कुठून करावी?

आकाशापासून करा आणि त्याच वॉशने, म्हणजे भरपूर पाणी घातलेल्या रंगाच्या पातळ सलग थराने, खाली ओल्या वाळूपर्यंत या, कारण ओल्या वाळूत आकाशच दिसतं. तिला वेगळा पिवळा लावला की चित्र तुटतं. कागद पोस्टकार्डाएवढा, ब्रश एकच जाड. फेसाची जागा कोरी सोडा. क्षितिज मात्र वॉश सुकल्यावरच, आणि अगदी सरळ. कललं तर समुद्र सांडतो! अलिबागच्या किनाऱ्यावर मी असंच काढतो. दमट हवेत कागद लवकर सुकत नाही, तेवढ्या वेळात फिरणारी माणसं वहीत टिपून घ्या. संध्याकाळी सूर्य समोर असतो, त्यामुळे ती दोन-तीन गडद फटकाऱ्यांत भागतात. गॉश, म्हणजे खालचं झाकणारा अपारदर्शक जलरंग, वापरत असाल तर कोरी जागा राखायची गरज नाही, पांढरा शेवटी लावता येतो.