अँड्र्यू स्टॉडार्ट इंग्लंडकडून रग्बीचे फक्त १० आंतरराष्ट्रीय सामने का खेळला?

कारण त्या काळी सामनेच मोजके होते, आणि त्यातले बरेच वाद आणि क्रिकेटपायी हुकले (स्टॉडार्ट रग्बीसोबत क्रिकेटही खेळायचा). १८८५ ते १८९३ ही त्याची कारकीर्द वर्षवार लावून पाहिली की हे लगेच दिसतं. वर्षाला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स यांच्याशी मिळून जेमतेम तीन सामने. त्यात रग्बीच्या आंतरराष्ट्रीय मंडळात सामील व्हायला इंग्लंडने नकार दिल्यामुळे १८८८ आणि १८८९ मध्ये या तिघांशी एकही सामना झाला नाही. १८९२ च्या हंगामात तो लॉर्ड शेफिल्डच्या क्रिकेट संघासोबत ऑस्ट्रेलियात होता.

१८८९ मध्ये न्यूझीलंड नेटिव्ह्ज या मुख्यतः माओरी खेळाडूंच्या पाहुण्या संघाविरुद्ध तेवढा एक सामना मिळाला. त्यात स्टॉडार्टची चड्डी फाटली! पाहुणे आडोसा करून उभे राहिले, तेवढ्यात इंग्लंडच्या एव्हरशेडने चेंडू उचलून ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण) केला आणि मोठा गोंधळ झाला.

मात्र या दहांत ब्रिटिश रग्बी संघाचा १८८८ चा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौरा धरलेला नाही. कर्णधार सेडन नदीत बुडून गेल्यावर तिथे नेतृत्व स्टॉडार्टनेच केलं, पण राष्ट्रीय संघांविरुद्ध सामना नसल्याने ते कसोटीत मोजत नाहीत.