दिवाणी दावा हरलो तर समोरच्याच्या वकिलाची फीही मलाच द्यावी लागते का?

हे देशावर अवलंबून आहे. इंग्लंडमध्ये सर्वसाधारणपणे हरणारा जिंकणाऱ्याचा खर्च देतो, पण कोर्टाला वाजवी वाटेल तेवढाच. अमेरिकेत बहुतेक दाव्यांत ज्याची फी त्याने भरायची. म्हणून वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा: हरलो तर एकूण किती? कोर्ट फी, तज्ज्ञ साक्षीदार, अपील, सगळं धरून, आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी आकड्यावर दावा लावून मग निम्म्या वाटेत अडकलेली माणसं पाहिली की फार वाईट वाटतं.

पैसे नसतील तर मोफत कायदेशीर मदतीचा अर्ज आधी करा. उत्पन्न आणि दाव्यात दम आहे का, हे सहसा बघतात. ही मदत म्हणजे भीक नव्हे. 1979 च्या एअरी विरुद्ध आयर्लंड खटल्यात नवऱ्यापासून कायदेशीर विभक्त होऊ पाहणाऱ्या बाईला वकील परवडत नव्हता. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला की तिचा न्यायालयापर्यंत पोहोचण्याचा हक्क डावलला गेला.

एक नक्की विचारा: हरल्यास समोरच्याचा खर्च या मदतीत येतो का? अनेकदा येत नाही. आणि मुदत चुकवू नका, मुदतबाह्य झालेला खरा दावाही बुडतो.