बारावीला कॅल्क्युलस झालंय, तरी अमेरिकेतल्या विद्यापीठाची अलेक्स प्लेसमेंट टेस्ट द्यावीच लागेल का?

हो, विद्यापीठाने मागितली असेल तर द्यावीच लागेल. अलेक्स (ALEKS) म्हणजे गणिताच्या कोणत्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी ऑनलाइन टेस्ट. बोर्डाचे मार्क बघून थेट कॅल्क्युलस १ च्या वर्गात बसवतील असं धरून चालू नका. मी तिकडे पहिल्या वर्षाच्या मुलांना गणित शिकवते, त्यावरून सांगते. या टेस्टमध्ये कॅल्क्युलस नसतंच. जास्तीत जास्त ३० प्रश्न, पायाभूत गणितापासून प्रीकॅल्क्युलसपर्यंतचे (म्हणजे कॅल्क्युलसच्या आधीच्या तयारीचे), आणि आधीच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न ठरतो. बहुतेक उत्तरं पर्यायातून निवडायची नसतात, टाइप करायची असतात. आपली मुलं इंटिग्रेशन फडाफडा करतात आणि अडखळतात लॉगरिदमवर. log₂x + log₂(x−2) = 3 सोडवलं की 4 आणि −2 येतात; −2 बाद करायचा राहिला की उत्तर चुकलं. म्हणून लॉग, त्रिकोणमिती, फलनांचे आलेख आणि अपूर्णांकी पदावल्या आठवडाभर उजळून घ्या. कॅल्क्युलेटर लागेल तिथे स्क्रीनवरच मिळतो, बाहेरचा घेऊ नका. कुणाची मदत तर अजिबात नको. फुगवलेल्या स्कोअरवर पुढच्या वर्गात गेलेल्या मुलाचे पहिल्या सेमिस्टरला फार हाल होतात, ते बघवत नाहीत.

मात्र कटऑफ, किती वेळा देता येते आणि एपी (अमेरिकेतली शाळेत देता येणारी कॉलेजपातळीची परीक्षा) किंवा ए लेव्हलवर (ब्रिटिश पद्धतीची बारावी) सूट आहे का, हे प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं. तुमच्या ॲडव्हायजरला (विषय निवडायला मदत करणारा विद्यापीठातला सल्लागार) ओरिएंटेशनच्या आधीच ईमेल करून विचारा, सोबत बारावीचा गणिताचा अभ्यासक्रम जोडा.