नांदूर मध्यमेश्वरला सरकारी पैसा कुठून येतो आणि तो खर्च झाला का, हे कसं तपासायचं?

तुम्ही विचारलंय की रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता) मिळूनही नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या पाण्यावर पाणवेल, म्हणजे जलपर्णी, तशीच का, निधी येतच नाही का. निधी येतो. तो वेगवेगळ्या वाटांनी येतो आणि अडतो तो वेळेच्या गणितात.

अभयारण्यांसाठी केंद्राची वन्यजीव अधिवास विकास योजना आहे. महाराष्ट्रासारख्या राज्याला त्यात ६० टक्के केंद्र देतं, ४० टक्के राज्य घालतं. पाणथळ जागांसाठीच्या केंद्रीय योजनेतही हेच प्रमाण आहे. राज्याचा स्वतःचा पैसा अर्थसंकल्पात २४०६ या लेखाशीर्षाखाली, म्हणजे वनीकरण व वन्यजीवन, दिसतो. शिवाय कॅम्पा: वनजमीन रस्त्याला, धरणाला, खाणीला वळवली की प्रकल्पवाला जी भरपाई भरतो, त्यातला ९० टक्के वाटा राज्याकडे येतो. जिल्हा नियोजन समितीही पैसे देते, पण तिथून बहुतेक कमान, पेव्हर ब्लॉक, निरीक्षण मनोरा असली कामं निघतात. बांधकाम मोजायला आणि दाखवायला सोपं असतं. पाणवेल काढायची मजुरी दरवर्षी लागते आणि काम संपलं की दाखवायला काही उरत नाही, म्हणून ती मागे पडते. माझ्या मते खरी चूक इथेच आहे.

आता वेळेचं गणित बघा. वार्षिक कार्ययोजना मंजूर होऊन केंद्राचा हप्ता हातात पडेपर्यंत वर्षाचा बराच भाग गेलेला असतो. मागच्या पैशाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, राहिलं असेल तर आणखी उशीर. ऑक्टोबर ते मार्च पक्षी असतात, तेव्हा जलाशयात यंत्रं घालता येत नाहीत. पाणी उतरतं एप्रिल-मे मध्ये, गाळ आणि पाणवेल काढायचा मोसम तोच. पण ३१ मार्चला न खर्चलेला निधी परत जातो. त्यात पाणी जलसंपदा विभागाचं. कालव्यांचं आवर्तन सुटलं की पातळी बदलते, त्यामुळे त्यांचं वेळापत्रक हाती असल्याशिवाय कामाची तारीख ठरवण्यात अर्थ नाही.

काढलेली वेल काठावरच टाकली तर पहिल्या पुरात ती पुन्हा पाण्यात जाते. ती पूररेषेच्या वर नेऊन टाकायला हवी आणि फुलं येण्याआधी काढायला हवी, कारण बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. वरून नाशिकचं सांडपाणी गोदावरीतून खत घेऊन येतच असतं, तेव्हा एकदा साफ करून भागत नाही. अंदाजपत्रकात सलग निदान तीन वर्षांची मजुरी आणि वाहतूक धरलेली आहे का, हे आवर्जून पाहा.

तपासायचं तर माहिती अधिकारात अर्ज करा. नाशिकच्या वन्यजीव विभागाच्या कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत लागतो. पाणवेल, मनोरा, मजुरी सगळं एकत्र घातलंत तर अधिकारी पहिल्याच विषयाचं उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगू शकतात, म्हणून पाणवेलीसाठी वेगळाच करा. 'किती निधी आला?' असं मोघम विचारू नका. गेल्या तीन आर्थिक वर्षांतली मंजूर रक्कम, प्रत्यक्ष वितरित रक्कम आणि खर्च, तिन्ही आकडे कामनिहाय मागा. मंजूर आणि वितरित यांतली तफावत दिसली की पैसा वर अडला की खाली, ते कळतं. सोबत मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे झालेलं काम मोजून नोंदवतात त्या वहीची, प्रत मागा. तिच्यात मोजमापाची तारीख असते. पाणवेलीचं मोजमाप मार्चच्या शेवटच्या आठवड्यातलं निघालं, तर वेल किती उचलली आणि कुठे टाकली, हे पुढच्या अर्जात विचारा.

उत्तराची मुदत ३० दिवस. आलं नाही किंवा अपुरं आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.