दमनकाला शिक्षा का झाली नाही?

प्रश्न : धरमपेठेतील आमच्या शाळेत मुलांसमोर पंचतंत्रातील ‘मित्रभेद’ वाचला. कपटी कोल्हा दमनक शेवटी मंत्रीच राहतो, हे मुलांना पटले नाही. अशा कथेतून त्यांनी काय घ्यावे?
– एक शिक्षिका, नागपूर

उत्तर : मुलांना ते खटकले, याचा मला आनंद वाटतो. पंचतंत्र सांगणारा विष्णुशर्मा राजपुत्रांना शिकवतो आहे आणि राजदरबार प्रत्यक्षात कसा चालतो, हे तो त्यांच्यापासून लपवत नाही. दमनकाची युक्ती बारकाईने पाहावी. समोरचा तुझ्या जिवावर उठला आहे, असे तो राजा पिंगलक सिंहाला आणि त्याच्या मित्राला, संजीवक बैलाला, वेगवेगळे गाठून सांगतो, शिवाय हल्ल्याच्या तयारीतला शत्रू कसा दिसेल, याची लक्षणेही सांगून ठेवतो. त्यामुळे दोघे भेटतात, तेव्हा भीतीने सावध झालेला प्रत्येक जण समोरच्याच्या सावधपणालाच पुरावा मानतो आणि झुंजीत संजीवक मारला जातो. संशय कसा पेरला जातो, याचे इतके अचूक चित्रण मला क्वचितच आढळले आहे. दमनकाचा सोबती कोल्हा करटक मात्र सारे ओळखून असतो, दमनकाला खडसावतोही, पण राजाला काही सांगत नाही. मला त्याचे हे मौन अधिक बोचते.

तुमच्या मुलांची तक्रार जुनी आहे. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा या लेखकाने ही कथा अरबीत आणली, तेव्हा तीत दमनकावरील खटल्याचे प्रकरण आले आणि तो दोषी ठरला. दोन्ही शेवट वर्गात वाचा आणि संजीवकाने पिंगलकाला थेट काय विचारायला हवे होते, यावर मुलांना बोलू द्या.