शाळेत टॅब आणि ऑनलाइन पाठ आल्याने मुलांचं शिक्षण खरंच सुधारतं का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या मुलाच्या शाळेत पालकांची बैठक आहे, प्रत्येक मुलाला टॅब देण्याचा प्रस्ताव तिथे येणार आहे, आणि बाजूने बोलावं की विरोधात हे ठरत नाहीये. मी अठरा वर्षं सहावी-सातवीला गणित शिकवते. या काळात वर्गात आधी प्रोजेक्टर आला, मग टॅब आले, आणि 2020 साली तर अख्खा वर्गच स्क्रीनवर गेला. माझं उत्तर बरंचसं गणिताच्या तासातून आलेलं आहे, एवढं लक्षात ठेवून वाचा.

आधी एक प्रसंग. दशांश अपूर्णांकांचा धडा संपला होता. फळ्यावर उदाहरणं सोडवून झाली होती, हात वर करणाऱ्यांनी उत्तरं बरोबर दिली होती, वह्या तपासल्या होत्या. पुढच्या धड्याला हात घालण्याआधी मी टॅबवर पाच प्रश्न टाकले. त्यातला एक असा: 0.6 आणि 0.45 यांपैकी मोठी संख्या कोणती? निम्म्याहून जास्त मुलांनी 0.45 वर खूण केली होती. 45 हे 6 पेक्षा मोठे, म्हणून 0.45 मोठी! ही चूक आळसातून होत नाही. पूर्ण संख्यांचा जो नियम आपणच शिकवलेला असतो, तोच मूल प्रामाणिकपणे इथे लावतं.

मग वह्यांत ही चूक का दिसली नव्हती? मी त्या पुन्हा काढून बघितल्या. स्वाध्यायातल्या जवळजवळ सगळ्या जोड्यांत दशांश चिन्हापुढे दोन्हीकडे अंकांची संख्या सारखीच होती: 0.35 आणि 0.72, 0.4 आणि 0.9. अशा ठिकाणी चुकीच्या नियमानेही उत्तर बरोबरच येतं. म्हणजे मुलं बरोबर उत्तरं लिहीत होती, मी बरोबरच्या खुणा करत होते, आणि समज मुळातच चुकीची होती. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. त्याआधी किती वर्गांना मी असंच पुढच्या इयत्तेत पाठवलं असेल, हा विचार अजूनही पाठ सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही आलेखाचा कागद घेतला. शंभर चौकटींचा एक चौरस, त्यात 0.6 म्हणजे सहा उभ्या पट्ट्या, साठ चौकटी. शेजारी 0.45 म्हणजे पंचेचाळीस चौकटी. रंगवल्यावर मुलं स्वतःच म्हणाली, अरे, हा तर मोठा निघाला. शिकवण्याचं काम कागदाने आणि रंगीत पेन्सिलीने केलं. टॅबने तीन मिनिटांत एवढंच सांगितलं की कागद काढायची गरज आहे. माझ्या मते शाळेत तंत्रज्ञानाचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे: मुलाला काय समजलं नाही हे शिक्षकाला त्याच दिवशी कळणं. बाकीचे फायदे याच्यानंतर येतात.

मोठ्या प्रमाणावरचे अनुभवही याच दिशेने बोट दाखवतात. पेरू देशाने ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ योजनेत मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. 2012 साली तिथल्या ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साधारण सव्वा वर्षानंतर मुलांचा संगणकाचा वापर खूप वाढला होता, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडलेला आढळला नाही. यंत्र हातात आलं, तरी कोणत्या मुलाचं कुठे अडलंय हे कोणाला कळायची सोय त्यात नव्हती.

याच्या शेजारी अमेरिकेतल्या मेन राज्याचा अनुभव ठेवून बघा. तिथे सातवीच्या सगळ्याच मुलांकडे शाळेचे लॅपटॉप होते. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 43 शाळांपैकी काहींनी गणिताचा गृहपाठ ‘असिस्टमेंट्स’ या प्रणालीवर दिला, काहींनी नेहमीसारखा. प्रणाली मुलाला उत्तर चूक की बरोबर हे तिथल्या तिथे सांगायची, आणि कोणत्या प्रश्नाला किती जण अडखळले हे शिक्षकांना सकाळी वर्गात जाण्याआधी दिसायचं. वर्षअखेरीस या शाळांतली मुलं स्पष्टपणे पुढे होती, आणि मुळात मागे असलेल्यांना फायदा जास्त झाला. लॅपटॉप दोन्हीकडे होते. फरक पडला तो तपासलेला गृहपाठ किती लवकर परत मिळतो आणि शिक्षक त्याचं काय करतात, यामुळे.

दिल्लीतला अभ्यास मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण त्याने वर्गाचं खरं चित्र उघडं केलं. 2015 साली माध्यमिक शाळांतली काही मुलं शाळा सुटल्यावर एका केंद्रात जायची. निम्मा वेळ ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय कार्यक्रमावर, निम्मा वेळ लहान गटात माणसाकडून शिकणं. सुरुवातीच्या चाचणीत दिसलं की सहावीतलं सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे आहे. म्हणजे वर्गात सहावीचं पुस्तक उघडलेलं, आणि मुलं तिसरी-चौथीच्या पायरीवर. असा वर्ग एका शिक्षकाने चाळीस मिनिटांत कसा सांभाळायचा? कार्यक्रम प्रत्येक मुलाला त्याच्या पायरीवरून प्रश्न द्यायचा. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत चांगली प्रगती झाली. एक गोष्ट मात्र फारसं कोणी सांगत नाही: शाळेच्या गणिताच्या परीक्षेत ती प्रगती दिसली नाही. तिसरीच्या पायरीवरून चौथीच्या पायरीवर चढलेल्या मुलाला सहावीचा पेपर शून्याच्याच जवळपास ठेवतो. तेव्हा टॅब घेतल्यावर सहा महिन्यांत प्रगतिपुस्तकात गुण वाढले नाहीत म्हणून कोणी ते बंद करायला निघालं, तर आधी मुलं कोणत्या पायरीवर होती ते विचारा.

आता निव्वळ ऑनलाइन शिक्षणाबद्दल. 2020 साली नेदरलँड्समध्ये शाळा आठ आठवडे बंद होत्या. इंटरनेट जवळजवळ घरोघरी, बंदचा काळही तुलनेने छोटा. तरीही नंतरच्या परीक्षांवरून दिसलं की प्राथमिक शाळेतलं सरासरी मूल घरी बसून जवळजवळ काहीच नवं शिकलं नाही, आणि कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांचं नुकसान त्याहून जास्त झालं. त्या काळात मी स्वतः काळ्या चौकोनांकडे बघत शिकवलंय. समोर चेहरा नसला की कपाळावरची आठी दिसत नाही, आणि माझं निम्मं शिकवणं त्या आठीवर चालतं. मोठ्या, अभ्यासाची सवय लागलेल्या मुलांना ऑनलाइन वर्ग जमतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला शेजारी कोणीतरी लागतं.

त्याच वर्षी आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशात एका स्वयंसेवी संस्थेच्या लोकांनी काय केलं बघा. आठवड्यातून एकदा साध्या फोनवरून घरी फोन करायचा, पालक आणि मूल दोघांशी वीसेक मिनिटं बोलायचं, एक गणित सोडवून घ्यायचं, सोबत एक मेसेज. मुलांचं गणित सुधारलं. नुसत्या मेसेजने मात्र तेवढं झालं नाही. हे वाचल्यापासून ‘तंत्रज्ञान’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी साधा फोन येतो.

रेकॉर्ड केलेले पाठ आजारी पडलेल्या किंवा पुन्हा ऐकायचं असलेल्या मुलासाठी चांगले, त्यांना माझा विरोध नाही. पण त्यासाठी प्रत्येकाला वेगळं यंत्र लागत नाही.

तेव्हा बैठकीत बाजू घेण्याआधी शाळेला दोन गोष्टी विचारा. मुलांची उत्तरं बघायला शिक्षकांच्या वेळापत्रकात रोज वीस मिनिटं ठेवणार आहात का? मी काम केलेल्या एका शाळेत ती नव्हती, आणि टॅब वर्षभरात कपाटात गेले. दुसरं, मागच्या इयत्तेचं राहून गेलेलं शिकवायची परवानगी आहे का, की अभ्यासक्रम संपवायचाच आहे? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं, तर त्या पैशातून वाचनालयाची पुस्तकं आणि एक जादा शिक्षक मागा. मी तेच मागेन.

उत्तर ‘हो’ आलं, तर प्रात्यक्षिकासाठी आणलेला टॅब स्वतःच्या हातात घ्या. 0.6 आणि 0.45 चा प्रश्न उघडायला सांगा आणि मुद्दाम 0.45 निवडा. ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ एवढंच आलं, तर तो छापील स्वाध्यायच आहे. दशांश चिन्हानंतरच्या पहिल्या अंकाकडे लक्ष वेधलं, चित्र दाखवलं, तर पुढे बोलायला हरकत नाही. मग विक्रेत्याला सांगा की आता शिक्षकांची स्क्रीन उघडा, आणि मी आत्ता केलेली चूक तिथे कुठे दिसते ते दाखवा.