एमओयूवर सही व्हायच्या आधी

प्रिय पोरी,

आपल्या बडोद्याच्या युनिव्हर्सिटीच्या एमओयूचा, म्हणजे सामंजस्य कराराचा, तुझा ड्राफ्ट नीट वाचला. भाषा छान आहे, पहिल्याच पानावर ‘समावेश’ पण आहे आणि ‘समान संधी’ पण आहे, पण पुढे पैसे कुठल्या तारखेला कोणाच्या खात्यात पडणार हे शोधत शेवटपर्यंत गेले तरी सापडलं नाही. अगं, परदेशी युनिव्हर्सिटीबरोबर करार करताना गरीब घरच्या मुलांना बाहेर ठेवूया असं कोणी बसून ठरवत नसतं, ते बारीक अटींमधून आपोआप होतं, आणि यावेळी त्या अटी तू लिहितेयस. म्हणून हे लांबलचक पत्र.

पैशांपासूनच सुरू करते. तू इरॅस्मस प्लस या युरोपियन युनियनच्या योजनेतून एका सेमिस्टरचं एक्सचेंज मागतेयस, चांगलंच आहे, तिकडे फी भरावी लागत नाही आणि महिन्याचे पैसेही बरे मिळतात. पण पहिला हप्ता बऱ्याचदा पोरगी तिकडे पोहोचली, सही झाली, खातं उघडलं, की मग येतो. त्याच्या आधीचं काय? पासपोर्टचे १५०० रुपये, घाई असेल तर तत्काळचे वरचे २०००, व्हिसा, त्यासाठी अहमदाबाद नाहीतर मुंबईची फेरी, इन्शुरन्स, विमानाचं तिकीट, रूमचं डिपॉझिट, हे सगळं निघायच्या आधी खिशातनं जातं. इथे शहरात रावपुऱ्यातल्या किंवा अलकापुरीतल्या घरात बाबा कार्ड स्वाइप करतात आणि विषय संपतो. छोटा उदेपूरहून येऊन होस्टेलला राहणाऱ्या राठवा आदिवासी मुलीच्या घरी तो आकडा ऐकूनच सगळे गप्प होतात, आणि मग आपल्या फाइलमध्ये नोंद होते की ‘विद्यार्थिनीने वैयक्तिक कारणामुळे नकार दिला’. अशा नोंदी मी इतक्या वाचल्यात की आता ‘वैयक्तिक कारण’ दिसलं की मी सरळ ‘तिकीट’ असं वाचते.

म्हणून करारातच लिहून घे की तिकीट युनिव्हर्सिटी स्वतः काढेल, पोरांनी आधी भरून नंतर बिलं लावायची नाहीत, आणि व्हिसाचा खर्च निवड झाल्या झाल्या ॲडव्हान्स मिळेल. आणखी एक, या योजनेत कमी संधी मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी महिन्याला २५० युरो जास्तीचे असतात, ते कोणाला द्यायचे हे आत्ताच बोलून ठेव. तिकडच्या माणसाला गरिबी कळते, अपंगत्व कळतं, लांबचं खेडं कळतं, पण जात त्याला आपणहून सुचणार नाही, ती तुलाच टेबलावर ठेवावी लागेल. संकोच करू नकोस, नंतर मागून मिळत नाही.

आता निवड. तुझ्या ड्राफ्टमध्ये सीजीपीए आठच्या वर, आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा आणि मुलाखत अशा तीन चाळण्या आहेत, आणि खरं सांगू का, तिन्हीतनं तीच ती मुलं खाली पडतात. आयईएल्टीएसची नुसती फी सतरा-अठरा हजारांच्या घरात आहे, क्लास वेगळा. तिकडच्या लोकांना विचार ना की इंग्रजी माध्यमात शिकल्याचं युनिव्हर्सिटीचं पत्र चालेल का, किंवा त्यांनीच ऑनलाइन बोलून बघावं. बऱ्याच ठिकाणी चालतं, फक्त कोणी विचारत नाही. मार्कांच्या बाबतीत मी एवढंच म्हणेन की उंबरठा ठेव पण रँक लावू नकोस, अमुक मार्कांच्या वरचे सगळे पात्र, आणि त्यांच्यात घरातनं पहिल्यांदाच कॉलेजला आलेल्यांना, राखीव गटातल्यांना, अपंग मुलांना ठरलेल्या जागा. आपल्याकडे २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा द्याव्याच लागतात, मग एक्सचेंजच्या यादीत ते प्रमाण का दिसू नये?

आणि नोटीस! शुक्रवारी संध्याकाळी इंग्रजीत बोर्डावर लावायची आणि सोमवारी अर्ज बंद, हा प्रकार तुझ्या हातनं होऊ देऊ नकोस. आपल्या दांडिया बाजारच्या मराठी घरांमध्ये कोणाचा तरी मामेभाऊ जर्मनीत असतोच, त्यामुळे आपल्या मुलांना नोटिशीच्या आधीच सगळं माहीत असतं, आणि मग आपण म्हणतो बघा किती हुशार आहेत. मी पण त्याच घरांमधली, म्हणून बोलते. गुजरातीत नोटीस काढ, होस्टेलमध्ये जाऊन बोल, महिनाभर मुदत दे, मागच्या वर्षी जाऊन आलेल्या एखाद्या मुलीला बरोबर घे.

स्कॉलरशिपचं थोडक्यात. सामाजिक न्याय मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे, १२५ जागा, बहुतेक अनुसूचित जातींसाठी, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. आदिवासी मुलांसाठी वेगळ्या मंत्रालयाची आहे, तिथे वर्षाला फक्त २० जागा. एवढ्या मोठ्या देशाला हे आकडे म्हणजे काय ते तूच समज. आपल्या इकडच्या मराठी दलित कुटुंबांची तर वेगळीच अडचण असते, महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती तिथल्या रहिवाशांना, आणि इथे जातीचा दाखला मागताना १९५० च्या आधी कुटुंब कुठे राहत होतं ते पुराव्यासकट दाखवा. हे कागद जमवायला महिने जातात, म्हणून निवडीच्या वेळी नाही तर पहिल्या वर्षालाच सांगायचं असतं. इरॅस्मस मुंडसच्या जॉइंट मास्टर्सला फी माफ आणि महिन्याला १४०० युरो मिळतात, ते पण सांग, तिथे आपल्या कराराची गरजच नाही.

क्रेडिटकडे तर कोणी बघतच नाही. युरोपात एका सेमिस्टरचे ३० क्रेडिट, आपल्याकडे साधारण २०. कुठल्या विषयाच्या बदल्यात कुठला विषय हे जायच्या आधी लेखी ठरलं नाही तर परत आल्यावर विभागप्रमुख म्हणतात हे आमच्या सिलॅबसमध्ये बसत नाही, आणि मुलीचं सेमिस्टर गेलं. पैसेवाल्या घरात सहा महिने वाया जाणं म्हणजे चिडचिड, दुसऱ्या घरात तेवढ्यात लग्न ठरतं.

बरं, कितीही केलंस तरी जाणार किती? पाच, फार तर दहा. बाकी हजारो मुलं इथेच असणार, त्यांच्यासाठी ड्राफ्टमध्ये एक ओळ नाही. तिकडचा एक शिक्षक आणि आपला एक, दोघांनी मिळून पाच-सहा आठवडे एकच विषय ऑनलाइन शिकवायचा, दोन्हीकडची मुलं मिसळून गट करायचे, याला ते लोक कॉइल म्हणतात. याला ना पासपोर्ट लागतो ना तिकीट. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत परदेशी युनिव्हर्सिटीबरोबर मिळून चालवायच्या जॉइंट, ड्युअल आणि ट्विनिंग डिग्री प्रोग्रामसाठी आपल्या बाजूला नॅकच्या तपासणीत किमान ३.०१ गुण किंवा एनआयआरएफच्या सरकारी क्रमवारीत पहिल्या १०० युनिव्हर्सिट्यांत नंबर हवा, आणि समोरची संस्था जगातल्या पहिल्या हजारात, म्हणजे ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनाच आणखी. पण नुसता एकत्र वर्ग घ्यायचा, वेगळी डिग्री द्यायची नाही, तर ही अट आडवी येत नाही, त्यामुळे आसपासच्या डभोई-पादऱ्याची छोटी कॉलेजंही तू बरोबर घेऊ शकतेस. फक्त वेळ दुपारी दोन-तीनची ठेव, तेव्हा जर्मनीत सकाळ असते, आणि आपल्या मुलींची एसटी चुकत नाही. तिकडचे लोक त्यांच्या सोयीने संध्याकाळी सात म्हणतील, मान हलवू नकोस.

तिकडे गेलेल्या मुलीला तिकडच्या देशी मंडळींकडनंच जात विचारली जाते, हे त्यांच्या ऑफिसला माहीत नसतं. अमेरिकेत ब्रँडाइसने २०१९ मध्ये, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने आणि ब्राऊनने २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी नियमांत जात घातली. ते उदाहरण देऊन तुझ्या पार्टनरला सरळ विचार, तक्रार आली तर तुमच्याकडे कोण बघणार, नाव द्या.

आणि परत आल्यावर? सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, हे आपण बडोदेकर छाती फुगवून सांगतो. करारात पुढची १० वर्षं संस्थानाची नोकरी होती. १९१७ मध्ये ते आले, नोकरीही होती, पण कचेरीत शिपाई लांबनं कागद टाकायचे, शहरात खोली कोणी देईना, पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले तर तिथनं काठ्या घेऊन हाकललं, आणि काही दिवसांतच त्यांनी बडोदं सोडलं. कमाटीबागेत आपण आता त्या दिवसांची आठवण म्हणून संकल्पभूमी दाखवतो. स्कॉलरशिप चोख होती गं, डिग्री जगातली, कमी पडलो ते आपण. म्हणून परतीचं एक कलम घाल: आल्यावर होस्टेलची जागा राखलेली, सेमिस्टरची परीक्षा चुकली असेल तर पुन्हा द्यायची सोय, आणि पुढचं एक वर्ष बोलायला एक ठरलेला शिक्षक.

हो, तिकडनं मुलं इकडे येणार असतील तर व्हीलचेअरवरची मुलगी आपल्या गेस्ट हाऊसमध्ये आत कशी जाणार हे आधी स्वतः जाऊन बघून ये. मला तिथल्या पायऱ्या माहीत आहेत.

ड्राफ्ट सुधारलास की बजेटचं पान आधी पाठव, प्रस्तावना नको. आणि वित्त विभागातले साहेब म्हणतील ॲडव्हान्स नियमात बसत नाही, तर नियम लेखी मागून घे आणि मला फोन कर, गुरुवारी दुपारी मी मोकळीच असते.

तुझी,
मॅडम